पुण्याच्या मतांचा नकाशा कसा वाचावा?

निकालाच्या संध्याकाळी पुण्यात एक खास भाषा बोलली जाते. कोथरूडने लीड दिलं, कॅम्पाने मागे ओढलं, पेठांनी लाज राखली, वडगाव शेरीत गणित चुकलं. ऐकणाऱ्याला वाटावं, मतदान माणसं करतच नाहीत, भाग करतात. मत तर गुप्त असतं. मग कोणत्या भागाने कोणाला हात दिला हे कळतं कसं? आणि कळलं, तरी त्यावरून तिथे राहणाऱ्यांबद्दल कितपत बोलता येतं? या प्रश्नांची उत्तरं टप्प्याटप्प्याने पाहू. पुण्याच्या अलीकडच्या निवडणुकांत त्यासाठी भरपूर मालमसाला आहे.

आकडा येतो कुठून

मतदार यादी ‘भागां’मध्ये विभागलेली असते आणि प्रत्येक भागाला एक मतदान केंद्र, म्हणजे बोलीभाषेतला बूथ, जोडलेला असतो. एका बूथवर साधारण हजारभर मतदार असतात. शहरात एवढी वस्ती म्हणजे दोन-चार गल्ल्या, एखादी मोठी सोसायटी किंवा झोपडपट्टीचा एक कोपरा. बूथवरच्या यंत्रातली मतं वेगळी मोजली जातात आणि उमेदवारनिहाय आकडे ‘फॉर्म २०’ नावाच्या तक्त्यात नोंदवले जातात. हा तक्ता सर्वांसाठी खुला असतो. व्यक्तीचं मत गुप्त राहतं, गल्लीचं मात्र उघडं पडतं.

पूर्वी असं होईलच असं नव्हतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर मतदान यंत्रं आली आणि प्रत्येक बूथचा हिशेब वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. २०१५ च्या २५५ व्या अहवालात विधी आयोगानेही त्याला दुजोरा दिला. ‘त्या वस्तीने मत दिलं नाही, मग तिथे पाणी कशाला?’ असा सूड कोणी उगवू नये, हा त्यामागचा हेतू. प्रस्ताव अमलात आला नाही. त्यामुळे आजही पक्षांच्या कार्यालयांत बूथनिहाय वह्या तयार असतात.

या आकड्यांना वस्तीची माहिती जोडायची तर अडचण सुरू होते. मतदार यादीत नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. जात, धर्म, शिक्षण, उत्पन्न यांतलं काहीही नसतं. जनगणनेतून वॉर्डनिहाय लोकसंख्या, साक्षरता, अनुसूचित जाती-जमातींची संख्या, काम करणाऱ्यांची संख्या मिळते. पण शेवटची उपलब्ध जनगणना २०११ ची आहे आणि तिचे वॉर्ड आजच्या प्रभागांशी जुळत नाहीत. उरलेली जागा कार्यकर्ते आडनावांवरून भरतात. ‘इथे आपली हक्काची चारशे’ हे वाक्य बहुतेक वेळा आडनावं मोजून आलेलं असतं. त्यात अनुभव असतो, तसा अंदाजही असतो.

शहर वसलं कसं

एकसारखी माणसं एकाच भागात का सापडतात, याचं उत्तर राजकारणाच्या आधी शहराच्या इतिहासात आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेकडच्या पेठांत ब्राह्मण वस्ती दाट होती. पूर्वेकडच्या रविवार, गंज, नाना, भवानी या पेठांत व्यापारी, कारागीर, मुस्लिम, मागासवर्गीय आणि बहुजन समाजाची वस्ती होती. ब्रिटिशांच्या लष्करी छावणीभोवती कॅम्प वाढला. तिथे ख्रिस्ती, पारशी, मुस्लिम, दलित, तामिळ-तेलुगू भाषक असं मिश्र जग उभं राहिलं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं उघड्यावर आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं आणली. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या वस्त्या त्या काळात फुगल्या. पुढे वाड्यांतली मध्यमवर्गीय कुटुंबं कोथरूड, वारजे, सिंहगड रस्त्याकडे सरकली. नव्वदीनंतर आयटी आलं आणि खराडी, विमाननगर, हडपसर, बाणेर इथल्या उंच इमारतींत देशभरची माणसं राहायला आली.

महापालिकेची हद्दही वाढत गेली. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं आत आली, २०१७ मध्ये आणखी ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३. म्हणूनच एकाच प्रभागात आज मूळ गावकऱ्यांची भावकी, भाड्याने राहणारे कामगार आणि गेटबंद सोसायटीतले इंजिनीअर शेजारी शेजारी असतात. तिघांचे प्रश्न वेगळे, तिघांपर्यंत पोचणारे कार्यकर्तेही वेगळे.

रेषा बदलली की चित्र बदलतं

वस्ती तीच राहूनही तिच्या मताचं वजन बदलू शकतं. ते ठरतं मतदारसंघाच्या सीमारेषेवर. २००८ च्या फेररचनेनंतर पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत: कसबा पेठ, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, वडगाव शेरी, हडपसर आणि खडकवासला. यांतले पहिले सहा पुणे लोकसभेत येतात. हडपसर शिरूर लोकसभेत जातो, तर खडकवासला बारामतीत. धायरीतल्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस पाणी पुणे महापालिकेचं पितो आणि खासदार निवडतो बारामतीचा.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे विजयी झाल्या, पण शहरी खडकवासल्यात त्यांच्या प्रतिस्पर्धी, भाजपच्या मित्रपक्षाच्या सुनेत्रा पवार पुढे होत्या. उरलेल्या ग्रामीण पट्ट्याने खडकवासल्याचा कौल झाकून टाकला. हाच मतदारसंघ पुणे लोकसभेत असता तर त्याचा कौल भाजपच्या विजयाच्या बेरजेत गेला असता.

महापालिकेत हा खेळ अधिक ठळक असतो. २०१२ मध्ये ७६ प्रभाग होते, प्रत्येकी दोन नगरसेवकांचे. २०१७ मध्ये ४१ प्रभाग झाले, बहुतेक चार नगरसेवकांचे. म्हणजे २०११ च्या लोकसंख्येने प्रभाग सरासरी ४० हजारांवरून ७५ हजारांवर गेला. छोट्या प्रभागात एखादी वस्ती, एखादी झोपडपट्टी, एखादं गावठाण आपला माणूस निवडून आणू शकतं. मोठ्या प्रभागात तीच वस्ती आजूबाजूच्या सोसायट्यांत विरघळते आणि व्यक्तीपेक्षा पॅनेलचं, म्हणजे पक्षाचं, चिन्ह चालतं. २०१२ मध्ये १५२ पैकी ५१ जागा घेऊन राष्ट्रवादी सर्वांत मोठा पक्ष होता आणि भाजप २६ वर. २०१७ मध्ये १६२ पैकी नव्वदीपलीकडे जागा भाजपच्या. या उलथापालथीला राज्यातली आणि देशातली हवा मुख्य कारण असली, तरी प्रभागाच्या आकाराने ती हवा अधिक जोरात लागू दिली.

टक्क्याचा छेद

आता मतदानाचा टक्का. हा साधा भागाकार आहे: वर झालेली मतं, खाली यादीतली नावं. चर्चा नेहमी वरच्या आकड्याची होते, गोंधळ मात्र खालच्या आकड्यात असतो.

यादीत नाव असण्यासाठी माणूस त्या भागाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवा आणि नाव एकाच ठिकाणी हवं. प्रत्यक्षात पेठेतला वाडा पाडला गेला, कुटुंब सिंहगड रस्त्याला गेलं, नाव मात्र पेठेतच राहिलं, असे मतदार पुण्यात पुष्कळ. त्यांतले काही मतदानाला जुन्या शाळेत येतात, बरेच येत नाहीत. गेलेल्या माणसांची आणि दुबार नावंही वेळेवर वगळली जात नाहीत. अशा नावांनी छेद फुगतो आणि टक्का उगाच कमी दिसतो.

उलटही घडतं. कोथरूडमध्ये कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी किंवा खराडीतला भाडेकरू पुण्याच्या यादीत नसेलच, तर तो मतदान न करूनही टक्का खाली आणत नाही. त्याचं नाव लातूरला, इंदूरला किंवा पाटण्याला असतं. त्या भागाच्या लोकसंख्येत तो असतो, राजकारणात नसतो. म्हणून दोन भागांच्या टक्क्यांची तुलना करताना आधी विचारावं: इथली यादी किती ताजी आहे? आणि राहणाऱ्यांपैकी यादीत किती?

मग बाहेर पडतं कोण?

‘सुशिक्षित, सुखवस्तू माणूस मतदान करत नाही, गरीब करतो’ असं एक सरसकट विधान ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत उत्पन्न आणि शिक्षण वाढतं तसं मतदान वाढतं. भारतात मात्र नव्वदीपासूनच्या सर्वेक्षणांत गरीब, दलित आणि ग्रामीण मतदार मागे नसल्याचं, कित्येकदा पुढेच असल्याचं दिसलं. राजकीय अभ्यासक योगेंद्र यादव यांनी यावर बरंच लिहिलं आहे. पुणे जिल्ह्यातही २०२४ च्या विधानसभेला बारामती, इंदापूर यांचं मतदान ७० टक्क्यांपलीकडे गेलं आणि हडपसर, शिवाजीनगर पन्नाशीच्या आसपास राहिले.

पण शहराच्या आत हा नियम अडखळतो. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात एकूण साडेत्रेपन्न टक्के मतदान झालं. सहा मतदारसंघांत सर्वाधिक होतं कसब्यात, सुमारे ५९ टक्के. त्यानंतर पर्वती, सुमारे ५५. सर्वांत कमी शिवाजीनगर, ५१ च्या आत. वडगाव शेरी ५२ च्या जवळ. कसबा काही शहरातला सर्वांत गरीब भाग नव्हे आणि सर्वांत श्रीमंतही नव्हे. त्याचं वेगळेपण जुनेपणात आहे.

जुन्या वस्तीत माणूस ओळखीचा असतो. गणेश मंडळाचा कार्यकर्ता, वाड्यातला शेजारी, वर्षानुवर्षं त्याच शाळेत भरणारं केंद्र, दारावर चिठ्ठी आणून देणारा पोरगा, हे सगळं चालत्या अंतरावर असतं. मतदानाच्या दिवशी बूथमध्ये बसलेला पोलिंग एजंट आलेल्या नावांवर खूण करत जातो. दुपारी तीन-चारच्या सुमारास बाहेरच्या टेबलावर न आलेल्यांची यादी तयार असते आणि मग कार्यकर्ते जिने चढतात. ‘काकू, अजून आला नाहीत? रिक्षा पाठवू का?’ हा प्रश्न विचारायला काकू कोण हे आधी माहीत असावं लागतं. गेटबंद संकुलात सुरक्षारक्षक कार्यकर्त्याला खालीच थांबवतो, शेजारचा फ्लॅट दर अकरा महिन्यांनी बदलतो आणि केंद्र कुठे आहे हे मोबाइलवर शोधावं लागतं. टक्क्यातला बराचसा फरक इथे तयार होतो. उत्पन्नापेक्षा मुक्काम किती जुना आणि ओळख किती दाट, हे अधिक उपयोगी पडतं.

आयोगाच्याही हे लक्षात आलं आहे. २०२४ च्या विधानसभेला पुण्या-मुंबईत मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातच केंद्रं उभारली गेली. अंतर कमी झालं. ओळख मात्र आदेशाने वाढत नाही.

कल आणि हवा

२०२४ च्या लोकसभेला भाजपचे मुरलीधर मोहोळ काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांपेक्षा सुमारे १ लाख २३ हजार मतांनी पुढे राहिले. त्यातलं सुमारे ७४ हजारांचं लीड एकट्या कोथरूडचं. शिवाजीनगरने जेमतेम तीन हजार दिलं. कॅन्टोन्मेंटमध्ये तर धंगेकर पुढे होते, सुमारे १३ हजारांनी. पेठांतून आलेला मध्यमवर्ग ज्या कोथरूडात दाट आहे तिथे भाजप भक्कम आणि दलित-मुस्लिम-ख्रिस्ती वस्ती ज्या कॅन्टोन्मेंटमध्ये मोठी आहे तिथे काँग्रेसला आधार, हे या आकड्यांशी जुळतं. शिवाजीनगरच्या तीन हजारांवरून तिथे चुरस गल्लोगल्ली होती, असं मात्र समजू नये. मॉडेल कॉलनी, औंध, गोखलेनगर, बोपोडी, खडकी हे सगळं त्या एकाच मतदारसंघात आहे. उलट-सुलट मोठी लीडं एकमेकांत वजा झाली तरी बाकी लहानच उरते.

हे झालं एका दिवसाचं छायाचित्र. काळात मागे गेलं की वस्तीच्या रचनेची मर्यादा दिसते. १९५७ मध्ये पुण्याने समाजवादी ना. ग. गोरे यांना लोकसभेत पाठवलं, १९६७ मध्ये एस. एम. जोशींना. तेव्हा शहराचं हृदय याच पेठा होत्या. अलीकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २००९ च्या लोकसभेला पुण्यात जेमतेम ४१ टक्के मतदान झालं आणि काँग्रेसचे सुरेश कलमाडी सुमारे २५ हजारांनी जिंकले. २०१४ मध्ये सीमारेषा त्याच होत्या, मतदान ५४ टक्क्यांवर गेलं आणि भाजपचे अनिल शिरोळे तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये टक्का पन्नाशीवर घसरला, तरी भाजपच्या गिरीश बापटांचं मताधिक्य तीन लाखांवरच राहिलं.

पाच वर्षांत शहरातल्या जाती, उत्पन्न, वस्त्या एवढ्या बदलत नाहीत. म्हणून वस्तीची रचना दोन भागांतला फरक बऱ्यापैकी समजावते, पण दोन निवडणुकांमधला फरक समजावताना थकते. तिथे उमेदवार, आघाड्या, देशातली हवा आणि घराबाहेर कोण पडलं हे पाहावं लागतं.

कसब्याचा धडा

ही सगळी सूत्रं एका जागी पाहायची तर कसबा पेठ. पश्चिमेच्या पेठा आणि पूर्वेच्या पेठा दोन्ही त्यात आहेत. २००८ च्या फेररचनेत जुना भवानी पेठ मतदारसंघ संपला आणि पूर्वेचा भाग कसब्यात वाढला. तरीही १९९५ पासून गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले आणि २०१९ मध्ये मुक्ता टिळक. ‘भाजपचा बालेकिल्ला’ ही बिरुदावली पक्की झाली. पण २००९ चे आकडे नीट पाहिले तर बापटांना सुमारे ५५ हजार मतं होती. तेव्हा मनसेत असलेले धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक यांना प्रत्येकी ४६ हजारांहून अधिक. किल्ल्याच्या भिंतीइतकाच विरोधकांतला दुभंगही कामी येत होता.

मुक्ता टिळकांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ रोजी पोटनिवडणूक झाली. भाजपचे हेमंत रासने आणि महाविकास आघाडीतर्फे काँग्रेसचे धंगेकर, अशी सरळ लढत. टिळक कुटुंबात उमेदवारी न दिल्याने ब्राह्मण मतदार नाराज असल्याची चर्चा रंगली. त्याच मुद्द्यावर हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले. त्यांना ३०० मतंही पडली नाहीत. मतदान ५० टक्के झालं. धंगेकरांना सुमारे ७३ हजार, रासनेंना सुमारे ६२ हजार. अठ्ठावीस वर्षांनी जागा गेली आणि ‘पेठा बदलल्या’ असे मथळे आले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. रासने १९,४२३ मतांनी जिंकले. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. धंगेकरांची मतं ७३ हजारांवरून ७०,६२३ झाली, म्हणजे फारशी हलली नाहीत. रासनेंची मात्र ६२ हजारांवरून ९०,०४६ वर गेली. मतदान ५० वरून ५९ टक्क्यांच्या आसपास पोचलं, म्हणजे २८ हजारांच्या घरात जास्त माणसं बाहेर पडली. वाढलेली मतं आणि भाजपची वाढ जवळजवळ सारखीच. पहिल्या वेळी घरी बसलेला भाजपचा मतदार दुसऱ्या वेळी बाहेर आला, हा सर्वांत सरळ अर्थ.

इथे एक खबरदारी

सरळ असला तरी हा अर्थ सिद्ध झालेला नाही. धंगेकरांचे काही हजार मतदार भाजपकडे गेले असतील आणि त्यांची जागा नव्या मतदारांनी भरली असेल, तरी बेरीज हीच दिसेल. गटाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातला हा जुना सापळा आहे. १९५० मध्ये अमेरिकी अभ्यासक विल्यम रॉबिन्सन यांनी तो दाखवून दिला. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त दिसत होती. पण व्यक्तिशः पाहिलं तर परदेशात जन्मलेले कमी साक्षर होते. ते साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, एवढंच.

पुण्यात हाच सापळा असा लागतो: एखाद्या बूथवर मुस्लिम मतदार ४० टक्के आणि काँग्रेसला मतंही ४० टक्के, म्हणून ती सगळी मतं त्यांचीच, असं कोणी ठोकून देतं. फॉर्म २० हे सांगत नाही. ते कळायचं तर माणसांना विचारणारी सर्वेक्षणं लागतात आणि त्यांचे नमुने एका मतदारसंघाबद्दल बोलण्याइतके मोठे क्वचितच असतात.

आपला बूथ आपण वाचायचा तर

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर आपल्या मतदारसंघाचा फॉर्म २० शोधावा आणि यादीतल्या आपल्या भाग क्रमांकावरून आपलं केंद्र गाठावं. बूथांचे क्रमांक आणि हद्दी दर निवडणुकीत थोड्या बदलतात, त्यामुळे आधी केंद्राचं नाव आणि गल्ल्या जुळवाव्यात. मग एकाच निवडणुकीवर न थांबता किमान तीन निवडणुकांचे आकडे शेजारी मांडावेत: लोकसभा, विधानसभा आणि महापालिका. टक्क्यांआधी प्रत्यक्ष मतं पाहावीत. एखाद्या पक्षाचा टक्का घसरला, पण मतं तेवढीच राहिली, तर त्याचे लोक गेले नसून दुसऱ्याचे वाढले असण्याची शक्यता अधिक. कसब्याने शिकवलेली गोष्ट ती हीच.

शेवटी आपल्या इमारतीची यादी काढून पाहावी. किती नावं इथे राहत नाहीत आणि इथे राहणाऱ्या किती जणांची नावं नाहीत, हे अर्ध्या तासात कळतं. नव्या नोंदणीसाठी फॉर्म ६, गेलेल्याचं नाव वगळण्यासाठी ७, पत्ता बदलण्यासाठी ८. नोंदणीसाठी आता वर्षात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. कसब्यातली हार-जीत अकरा आणि एकोणीस हजारांची होती, महापालिकेच्या प्रभागात ती कित्येकदा शेकड्यांत येते. एखाद्या मोठ्या संकुलातली यादीबाहेरची नावं तेवढी सहज भरतात. आपल्या भागाचा कल काय, हा वाद त्यानंतर घालायला हरकत नाही.